काट्यावरच्या रांगेतलं रसायन

जानेवारीत बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-संकेश्वर भागातून रात्रीचं जायचं झालं, की उसाच्या ट्रॅक्टरांमागून सरकतच जावं लागतं. कारखान्याच्या काट्यापुढं लांबलचक रांग, ड्रायव्हर कानाला मफलर गुंडाळून स्टेअरिंगवर डोकं टेकलेला. मागच्या ट्रॉलीतल्या उसात मात्र काम चालू असतं. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, पोरं ज्या धड्याला टरकतात, तो रासायनिक गतिकीचा, म्हणजे अभिक्रियांच्या वेगाचा, धडा तिथं रात्रभर घडत असतो.

होतं ते एवढंच : सुक्रोजचा, म्हणजे आपल्या साखरेचा, एक रेणू पाण्याचा एक रेणू घेतो आणि फुटतो. त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. या अभिक्रियेला इन्व्हर्शन म्हणतात, म्हणजे उलटणं. नाव चपखल आहे. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, प्रकाश सोडला तर साखर त्याला उजवीकडे वळवते. हे वळवणं म्हणजे वलन; ठरावीक प्रमाणाच्या द्रावणासाठी ते साखरेचं +66.5 अंश. फुटून झालेलं मिश्रण त्याच प्रकाशाला डावीकडे, सुमारे -20 अंश वळवतं. वलन उजवीकडून डावीकडे येतं, आणि ते किती आलं यावरून किती साखर फुटली ते बाटलीला हात न लावता कळतं.

1850 साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन संशोधकानं नेमकं हेच केलं. साखरेच्या द्रावणात आम्ल घालून तो ठरावीक वेळानं वलन मोजत बसला. त्याला दिसलं, की दर क्षणी जेवढी साखर शिल्लक असते त्या प्रमाणात ती फुटते. ही झाली प्रथम कोटीची अभिक्रिया. खरं तर पाणीही त्यात भाग घेतं, पण ते इतकं मुबलक असतं की त्याची घट जाणवतच नाही; म्हणून पुस्तकात ‘प्रथम कोटी’च्या आधी ‘छद्म’, म्हणजे वरवरची, असा शब्द जोडलेला दिसतो. अभिक्रियेचा वेग मोजून गणितात मांडण्याची सुरुवात इथून धरतात. गतिकीची मुळाक्षरं गिरवली गेली ती साखरेवर, हे आमच्या पट्ट्यातल्या पोरांना कुणी सांगत नाही.

आता शेताच्या बांधावर या. शेतकरी हातातल्या मीटरवर ब्रिक्स बघतो, पण ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळंच. साखर फुटली तरी तिचे तुकडे रसातच राहतात, वर पाण्याचा रेणू जोडला गेल्यानं किंचित भरच पडते. शिवाय ऊस वाळला की रस दाट होतो. म्हणजे शिळ्या उसाचा ब्रिक्स चढलेलाही दिसेल! कारखान्याची प्रयोगशाळा ‘पोल’, म्हणजे रसातली साखर, मोजते, विल्हेल्मीच्याच पद्धतीनं, प्रकाश वळवून. तिथं घसरण लगेच दिसते. उतारा, म्हणजे उसामागे मिळणारी साखर, कमी का लागला यावरच्या निम्म्या वादांचं मूळ या दोन आकड्यांच्या फरकात असावं, असं माझं मत.

ट्रॉलीत आम्ल कुणी ओतलेलं नसतं. तिथं काम करतं ते उसातलंच इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारं प्रथिन, जोडीला तोडलेल्या टोकांतून शिरणारे जिवाणू. एन्झाइमचा हिशेब वेगळा. काट्याकडेच बघा : रांगेत पन्नास ट्रॅक्टर असोत की दोनशे, काटा तासाला ठरावीकच गाड्या वजन करून सोडणार. रसात साखर एवढी असते की एन्झाइमचा प्रत्येक रेणू सतत गुंतलेला राहतो. मग साखर थोडी कमी-जास्त झाल्यानं वेग बदलत नाही. अभिक्रिया शून्य कोटीची असल्यासारखी चालते. रांग जवळजवळ संपली, की मात्र वेग ‘किती उरलं’ यावर अवलंबून राहू लागतो. या वागण्याचं समीकरण 1913 साली लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेन्टेन यांनी मांडलं. प्रयोग कशावर? इन्व्हर्टेज आणि साखरेवरच.

तापमानाचा धडाही याच साखरेचा. स्वान्ते अर्‍हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं 1889 साली वेग आणि तापमान जोडणारं समीकरण मांडलं ते आम्लानं साखर फुटण्याचा वेग तपासताना. तापवल्यावर वेग एवढा का वाढतो? त्याचं म्हणणं, फुटण्याइतकी ऊर्जा थोड्याच रेणूंकडे असते आणि तापमान वाढलं की त्यांची संख्या झपाट्यानं वाढते. ‘दर दहा अंशाला वेग दुप्पट’ हे पाठ केलेलं वाक्य सक्रियण ऊर्जा, म्हणजे फुटायला लागणारी ही किमान ऊर्जा, मोलमागे 53 किलोज्यूलच्या आसपास असेल तरच खरं. आम्लानं साखर फोडायला सुमारे 108 लागतात. तिथं 25 अंशांवरून 35 वर गेलं की वेग चौपट होतो. एन्झाइम ही ऊर्जेची चढणच कमी करतं, म्हणून थंडीतही ट्रॉलीत काम चालू राहतं. मार्चच्या उन्हात रांग लांबली तर विचारूच नका.

गुऱ्हाळावर गोष्ट पुन्हा आम्लाकडे वळते. काहिलीत रस उकळला की एन्झाइम निकामी होतं, पण रस स्वतःच आंबटसर असतो, पीएच (आम्लता मोजणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) पाच ते साडेपाच. 25 अंशांच्या तुलनेत 100 अंशांवर आम्लाचं काम काही हजार पटींनी वाढतं. साखर फुटत गेली तर गूळ चिकट होतो, ढेप बसत नाही. म्हणून गुळव्या चुन्याची निवळी घालतो. पीएच एकानं वाढला की आम्लपणा आणणारे हायड्रोजन आयन दहापट कमी, आणि वेगही जवळपास दहापट कमी. निवळी जास्त झाली तर गूळ काळा पडतो. किती घालायची, हे तो रसाच्या रंगावरून ठरवतो.