परदेशात नातेवाईक वारला तर अंत्यविधीचा खर्च कोण देतं? नाशिकच्या कुटुंबांसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

सातपूरला माझ्या मावशीकडे सौदी अरेबियातल्या दम्मामहून फोन आला तो पहाटे. मावसभाऊ तिथे फॅब्रिकेशनच्या कामावर होता, झोपेतच गेला. दुपार होईस्तोवर घरात रडणं आणि पैशांची जुळवाजुळव या दोनच गोष्टी चालल्या होत्या. मावशीने हातातल्या पाटल्या काढून देव्हाऱ्यापुढे ठेवल्या, भावकीतलं कुणी भिशी उचलायला निघालं. तेवढ्यात तिथल्या कुण्या मध्यस्थाचा निरोप आला, बॉडी लवकर पाठवायची तर आधी दोन लाख टाका. आम्ही टाकणारच होतो. तो खर्च आमच्यावर नव्हताच, हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. त्या दोन दिवसांत मावशी जे सोसत होती ते मी पाहिलं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिल्या दिवशी कुणालाही पैसे पाठवू नका. खर्च कुणी करायचा याचा एक क्रम आहे: आधी मालक, मग विमा, मग भारतीय दूतावासाचा निधी, आणि हे तिन्ही दरवाजे ठोठावून झाल्यावर घरचे.

मालक किंवा कंपनी

आखाती देशांत नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या माणसाच्या बाबतीत पहिला प्रश्न कंपनीला विचारायचा. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्याच्या कलम ४० मध्ये स्पष्ट आहे: कामगाराचा मृतदेह तयार करण्याचा आणि जिथून त्याला कामावर घेतलं तिथे पोचवण्याचा खर्च मालकाचा. घरच्यांच्या संमतीने तिथेच दफन झालं, किंवा तिथल्या सामाजिक विमा संस्थेने तो खर्च उचलला, तरच मालक यातून सुटतो. इतर देशांत कामाच्या करारातलं परतीच्या खर्चाचं कलम वाचा. कराराची प्रत घरी नसेल तर ज्या भरती एजंटने पाठवलं त्याच्याकडे मागा.

कंपनीशी फोनवर बोलणं झालं तरी ईमेल पाठवाच. ‘मृतदेह नाशिकला पाठवण्याचा खर्च कंपनी करणार आहे का, हे लेखी कळवावं’ एवढं एक वाक्य पुरतं. कंपनीने नकार दिला तर तो लेखी नकारही पुढे दूतावासात कामाला येतो. आणि मृतदेह पाठवण्याच्या कागदांबरोबर ‘सर्व येणी मिळाली’ असा मजकूर सहीला आला तर सही करू नका. थकलेला पगार, सेवासमाप्तीची रक्कम, नुकसानभरपाई हा वेगळा हिशेब आहे. अंत्यविधीसाठी तो सोडून द्यावा लागत नाही.

विमा

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असा शेरा असतो. असा माणूस ठरावीक १८ देशांत कामाला जातो तेव्हा त्याला प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावीच लागते. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, त्यावर कर. अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण आहे. मृतदेह आणण्याचा खर्च आणि सोबत येणाऱ्या एका माणसाचं विमानभाडंही त्यात धरलेलं आहे. अडचण अशी की पॉलिसी एजंटने काढलेली असते आणि घरी तिचा कागद नसतो. जाणाऱ्याच्या फाईलमध्ये, मोबाईलमध्ये, ईमेलमध्ये शोधा. आमची पॉलिसी वहिनींना गव्हाच्या कोठीवरच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली सापडली. मृत्यूबद्दल भारतीय दूतावासाने दिलेला दाखला विमा कंपनीने मान्य करायचा असतो, त्यामुळे दाव्यासाठी तो आधी मिळवा.

मुलांकडे अमेरिकेला किंवा युरोपला गेलेले आईवडील आणि शिकायला गेलेली मुलं यांच्याकडे बहुधा प्रवास विमा किंवा विद्यापीठाचा विमा असतो. त्यात ‘मृतदेह मायदेशी नेणे’ असं कलम आणि त्याची कमाल रक्कम दिलेली असते. इथे एक चूक फार महागात पडते. विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर न कळवता नातेवाईक परस्पर तिथल्या अंत्यविधी संस्थेशी बोलणं पक्कं करतात आणि मग दावा अडतो. आधी फोन, तक्रार क्रमांक लिहून घ्या, मगच पुढे.

दूतावासाचा निधी: पात्रता आणि अर्ज

मालक नाही म्हणतो, विमा नाही, घरची परिस्थिती नाही, अशा वेळेसाठी भारत सरकारचा भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो २००९ मध्ये सुरू झाला, आणि सध्याची विस्तारलेली नियमावली सप्टेंबर २०१७ पासूनची. परदेशात वारलेल्या भारतीय नागरिकाचा मृतदेह भारतात आणणं किंवा तिथेच अंत्यविधी करणं, दोन्हींसाठी यातून मदत होते.

मृत व्यक्ती भारतीय नागरिक असावी लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेला आपला माणूस यात बसत नाही, त्याच्याकडे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड असलं तरी. मदत आर्थिक परिस्थिती पाहून दिली जाते, म्हणून तलाठ्याचा किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि मालकाचा नकार जोडा. अर्ज मुंबईत किंवा दिल्लीत नाही, तर मृत्यू झाला त्या भागाच्या भारतीय दूतावासात करायचा. दम्माम रियाधच्या दूतावासाकडे येतं, जेद्दाहचं वाणिज्य दूतावास वेगळं. दुबईसाठी दुबईचं वाणिज्य दूतावास. चुकीच्या कार्यालयाला ईमेल गेला की एक दिवस गेलाच म्हणून समजा.

खर्च करण्याआधी अर्ज करा, खर्च करून मग मागायला जाऊ नका. उत्तर येत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. ती घरबसल्या मोबाईलवरून होते आणि तिचा क्रमांक मिळतो. प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००११३०९० आहे.

संमतीपत्र

सगळ्या कागदांत सर्वांत महत्त्वाचा कागद नाशिकमध्ये तयार होतो. जवळच्या वारसाचं नोटरी केलेलं संमतीपत्र. ते पोचत नाही तोवर तिकडचं काही हलत नाही.

सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयाच्या परिसरात नोटरी मिळतात. संमतीपत्र इंग्रजीत करून घ्या. त्यात मृताचं पासपोर्टवर आहे तसंच नाव, पासपोर्ट क्रमांक, सही करणाऱ्याचं नातं, मृत्यूची तारीख आणि ठिकाण लिहा. मग निवड स्पष्ट लिहा: मृतदेह भारतात हवा, की तिथेच दहन किंवा दफन मान्य आहे. तिथे कागद हाताळायला कंपनीच्या माणसाला, गाववाल्याला किंवा नातेवाइकाला अधिकार देत असाल तर त्याचं नाव आणि तिथला ओळखपत्र क्रमांक लिहा, सौदीत इकामा, म्हणजे रहिवासी परवान्याचा क्रमांक. ‘या संमतीमुळे मृताच्या येण्यांवरचा वारसांचा हक्क सुटत नाही’ हे वाक्य शेवटी टाकायला सांगा. आमच्या नोटरीबाईंनी ते स्वतःहून सुचवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

विवाहित असेल तर सही पत्नीची किंवा पतीची, अविवाहित असेल तर आईवडिलांची. आमचा सल्ला मात्र असा की पत्नी आणि आईवडील दोघांच्याही सह्या एकाच पत्रावर घ्या. दोन बाजूंनी दोन वेगळी पत्रं गेली तर दूतावास थांबतो आणि तिकडे शीतगृहात माणूस पडून राहतो.

नावाचं पाहा. आपल्याकडे ज्ञानेश्वर पासपोर्टवर ‘डी एन वाय’ने आणि आधारवर ‘जी वाय’ने लिहिलेला असतो. कुठे मधलं वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलेलं असतं. वहिनींच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. असा फरक असेल तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र त्याच फेरीत नोटरी करून घ्या आणि विवाह नोंदणी दाखला जोडा. आमचा एक पूर्ण दिवस वहिनींच्या नावामुळे गेला.

बाकीची कागदपत्रं बहुतेक तिकडे गोळा होतात: रुग्णालयाचा वैद्यकीय अहवाल किंवा मृत्यू दाखला, पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची प्रत, अपघात किंवा अनैसर्गिक मृत्यू असेल तर पोलिसांचा अहवाल इंग्रजी भाषांतरासह, आणि शरीर टिकवण्याच्या प्रक्रियेचा, म्हणजे एम्बामिंगचा दाखला. पोलीस तपास असेल तर वेळ लागतोच, त्यात घाई करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आणायचं की तिथेच करायचं

हा निर्णय घरच्यांचा. मी एवढंच सांगेन की खर्च कमी म्हणून तिथे अंत्यविधी करणं म्हणजे आपल्या माणसाला टाकून देणं नव्हे. सौदीत हिंदू पद्धतीने दहन होत नाही, त्यामुळे तिथे दफन किंवा भारतात आणणं हेच दोन मार्ग. दुबईत जेबेल अलीला दहनाची सोय आहे. जुन्या नाशकातली, मालेगावची मुस्लिम कुटुंबं सौदीतल्या दफनाला अनेकदा मनापासून संमती देतात.

दहन तिथे झालं तर अस्थी आणणं सोपं आणि स्वस्त. दहनाचा दाखला, मृत्यू दाखला, रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचं ना हरकत पत्र जवळ ठेवायचं. कलश लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या, धातूचा नको. विमानतळावर एक्स-रेमध्ये आतलं दिसलं नाही तर कलश पुढे जाऊ देत नाहीत. पुढे रामकुंडावर अस्थिविलय तीर्थ आहेच. पंचवटीतल्या तुमच्या कुळाच्या उपाध्यायांना आधी कळवून ठेवा, त्यांच्या वहीत मृत्यूचं ठिकाणही नोंदवून घेता येतं.

मुंबई ते नाशिक

मृतदेह आणण्यासाठी २०२३ च्या ऑगस्टपासून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं ‘ई-केअर’ पोर्टल आहे. त्यावर मृत्यू दाखला, एम्बामिंग दाखला, भारतीय दूतावासाचं ना हरकत पत्र आणि रद्द पासपोर्टची प्रत ही चार कागदपत्रं चढवली की विमानतळ आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी मिळते. बहुतेकदा हे काम विमान कंपनी किंवा तिथली अंत्यविधी संस्था करते, पण झालं का हे विमान सुटण्याआधी विचारा. भाडं वजनावर आहे की ठोक, हेही विचारा, कारण वजनात शवपेटीही मोजली जाते.

शवपेटी प्रवाशांच्या दारातून येत नाही. सहारच्या कार्गो विभागातून घ्यावी लागते. घेणाऱ्याने स्वतःचं ओळखपत्र, एअरवे बिलाची, म्हणजे विमान कंपनीच्या मालवाहतूक पावतीची प्रत आणि वरचे चारही कागद न्यावेत. रुग्णवाहिका नाशिकहूनच ठरवून न्या आणि जाण्या-येण्याचे मिळून किती, हे आधी ठरवा. विमान उतरल्यावर कार्गोतून पेटी हातात यायला काही तास जातात, चालकाला तेवढं थांबावं लागेल हेही सांगून ठेवा.

नाशिक महापालिकेची मोफत अंत्यसंस्कार योजना आहे, लाकडाचा खर्च त्यात येतो. अमरधाममध्ये परदेशी मृत्यू दाखला आणि दूतावासाचं पत्र दाखवा, मूळ कागद देऊ नका, प्रती द्या.

घरून पैसे पाठवावेच लागले तर

हवाला किंवा ओळखीच्या माणसाच्या खात्यातून नको. बँकेतून उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली पाठवा. पॅन आणि ए-२ फॉर्म लागतो. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. १ एप्रिल २०२५ पासून वर्षभरात १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर बँक कर कापून घेत नाही. पैसे थेट अंत्यविधी संस्थेच्या खात्यात, बिल मागवूनच भरा.

ब्रिटनमध्ये मूल किंवा भाऊ असेल तर तिथल्या ‘फ्युनरल एक्स्पेन्सेस पेमेंट’चं नाव कानावर येतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये युनिव्हर्सल क्रेडिट, पेन्शन क्रेडिट यांसारखे ठरावीक सरकारी भत्ते घेणाऱ्यालाच ते मिळतं, आणि अंत्यविधीनंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. दहन किंवा दफनाच्या शुल्काशिवाय इतर खर्चापोटी १,००० पौंडांपर्यंत मिळतात. मृतदेह नाशिकला आणण्याचा खर्च त्यात येत नाही. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना असे सरकारी भत्ते घेता येत नाहीत, म्हणून त्यांनी यावर विसंबू नये.

मृत्यूची नोंद

नाशिकला अंत्यविधी झाला म्हणून महापालिकेत मृत्यूची नोंद होत नाही. नोंद मृत्यू झाला तिथली. परदेशात वारलेल्या भारतीय नागरिकाची नोंद तिथल्या भारतीय दूतावासात होते, आणि जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम २० प्रमाणे ती आपल्याकडचीच नोंद मानली जाते. मावशीला एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात तीन वेळा पाठवलं गेलं, कारण खिडकीवरच्या माणसालाही हे माहीत नव्हतं. कलम २० चा उल्लेख असलेला साधा अर्ज सोबत ठेवा.

दूतावासाच्या मृत्यू नोंद दाखल्याच्या जास्त प्रती सुरुवातीलाच मागा. बँक, एलआयसी, सातबाऱ्यावर वारस लावायला तलाठी, गॅस जोडणी, सगळीकडे तो लागतो. तिथल्या सरकारचा मूळ दाखलाही वापरायचा असेल तर तो देश परदेशी कागद मान्य करण्याच्या हेग करारात असल्यास त्यावर अपोस्टिल, म्हणजे त्या करारातला प्रमाणीकरणाचा शिक्का करून घ्या. संयुक्त अरब अमिरातीसारखा देश त्यात नसल्याने तिथल्या परराष्ट्र खात्याचा आणि मग भारतीय दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो. हे काम मृतदेह तिथे असतानाच, ज्याला अधिकारपत्र दिलं आहे त्याच्याकडून उरकून घ्या. तो माणूस सुट्टीवर गावी आला किंवा नोकरी बदलून गेला की नाशकात बसून ते शिक्के मिळवणं फार कठीण जातं. आम्हाला एका शिक्क्यासाठी चार महिने लागले.