क्रिया कोशात कशी बसवायची?

निपाणीत बायका विड्या वळतात. खानापूरकडच्या शेतात दोरी वळतात, गुरं वळतात. दिवाळीला घरोघर लाडू वळतात, आणि गोव्याला निघालेली बस चोर्ला घाटाच्या रस्त्याला वळते. विडी वळताना पान बोटांखाली गुंडाळलं जातं, लाडू वळताना तळहात गोल फिरतो, गुरं वळताना तर नुसत्या हाकेनंही भागतं. कोशकारानं ‘वळणे’चा अर्थ लिहायचा तो यातला कोणता?

वस्तूचं नाव असलं की कोशकाराचं काम सोपं होतं. विळा कसा असतो ते लिहिता येतं, जमलं तर चित्रही काढता येतं. क्रिया मात्र घडता घडता संपते. यास्कानं निरुक्त या वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या जुन्या ग्रंथात ही अडचण नेमकी पकडली आहे. ‘व्रजति’ (जातो), ‘पचति’ (शिजवतो) अशी क्रियापदं आरंभापासून शेवटापर्यंत एकापाठोपाठ एक घडत जाणारी गोष्ट सांगतात, असं तो म्हणतो. तीच गोष्ट पुरी होऊन वस्तूसारखी घट्ट झाली की तिला ‘व्रज्या’ (जाणं), ‘पक्ति’ (शिजवणं) अशी नामं मिळतात. पतंजली महाभाष्य या पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्यात आणखी पुढे जातो. क्रिया गोळा करून समोर ठेवून दाखवता येत नाही, ती अनुमानानंच कळते, असं त्याचं म्हणणं. देवदत्त इथे होता आणि आता पाटलीपुत्रात आहे. मध्ये जे काही घडलं असलं पाहिजे, ती क्रिया.

हे कळूनही कोश लिहिताना क्रियेचं नामच करावं लागलं. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, सुमारे २००० धातू आहेत आणि अर्थ सांगायची पद्धत अगदी आटोपशीर: धातू, आणि त्याच्यापुढे सप्तमीतलं एक नाम. पच् ‘पाके’, म्हणजे शिजवण्याच्या अर्थी. गम् ‘गतौ’, जाण्याच्या अर्थी. पण ‘गतौ’ हा शेरा इतक्या धातूंना मिळाला आहे की त्यांतलं कोण चालतं, कोण सरपटतं आणि कोण धावतं हे त्यावरून कळत नाही. निघंटू या वैदिक शब्दांच्या यादीतही गतीची १२२ क्रियापदं एका ओळीत उभी आहेत. अमरकोश या संस्कृत कोशानं तर हा प्रांत बाजूलाच ठेवला. ‘नामलिंगानुशासन’ हे त्याचं दुसरं नावच सांगतं की तो नामांचा आणि त्यांच्या लिंगांचा ग्रंथ आहे.

आपल्या बेळगावकडच्या सीमाभागाच्या मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांना एकोणिसाव्या शतकात मोठे कोश मिळाले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा छापला गेला. किटेलचा कन्नड-इंग्रजी कोश मंगळूरला १८९४ साली निघाला. मोल्सवर्थ ‘करणें’, ‘वळणें’ असं णें-कारान्त रूप मथळ्याला घेतो. किटेल ‘माडु’सारखा (म्हणजे ‘करणे’) नुसता धातू. अर्थासाठी दोघेही जवळच्या इंग्रजी क्रियापदांची रांग लावतात. मला मात्र या रांगांपेक्षा त्यांच्यापुढचा मजकूर मोलाचा वाटतो: म्हणी, वाक्प्रचार आणि किटेलनं जुन्या काव्यांतून वेचलेले दाखले. क्रियापदाला तिथे सोबत मिळते. कोण, कशाला, कशानं हे दिसायला लागतं.

ही सोबत किती महत्त्वाची आहे याचा पुरावा प्रयोगातून मिळाला. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लीला ग्लाइटमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आया आपल्या लहान मुलांशी बोलत असतानाचं चित्रण त्यांनी प्रौढांना आवाज बंद करून दाखवलं. आईनं एखादा ठरावीक शब्द उच्चारला त्या क्षणी फक्त एक शिटी वाजे. तो शब्द कोणता ते ओळखायचं. नामं सुमारे ४५ टक्के वेळा बरोबर आली, क्रियापदं जेमतेम १५ टक्के. डोळ्यांसमोर सगळं घडत असूनही! मग सोबतची नामं आणि वाक्याची रचनाही पुरवली, तेव्हा क्रियापदं सुमारे ९० टक्के वेळा ओळखता आली. पतंजलीचं ‘अनुमान’ इथे आकड्यांत मोजलेलं दिसतं.

क्रियापदाचा अर्थ कळण्यात शरीराचाही वाटा असावा. २००४ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन झालेल्या एका अभ्यासात तोंड, हात आणि पाय यांच्या क्रियांचे शब्द नुसते वाचतानाही मेंदूतल्या त्या त्या अवयवाच्या हालचालीशी निगडित भागांत किंवा त्यांच्या लगत चलबिचल दिसली. ही चलबिचल म्हणजेच अर्थ, की अर्थ कळल्यावर उमटणारा पडसाद, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

क्रियापद वाक्याला इतकं चिकटलेलं असल्यामुळे ते दुसऱ्या भाषेत सहज जातही नाही. ४१ भाषांच्या तुलनेत नामांपैकी सुमारे ३१ टक्के शब्द उसने निघाले, क्रियापदांपैकी १४ टक्के. मराठी आणि कन्नड दोघींनी यावर एकच तोड काढली आहे: बाहेरचं नाम घ्यायचं आणि त्याला घरचं क्रियापद जोडायचं. आपण ‘फोन करणे’ म्हणतो, शेजारी ‘फोन माडु’ म्हणतो. तरी एखादं क्रियापद सबंधच्या सबंध दोन्हीकडे नांदतं. कन्नडमधला ‘हुडुकु’ आणि आपल्याकडचं ‘हुडकणे’ बघा. ‘किल्ली हुडक’ म्हटलं की बेळगावच्या बाजारात कोणी अडत नाही.

‘काय करूलालास?’ (काय करतो आहेस?) हा बेळगावकडचा प्रश्न मात्र णें-कारान्त मथळ्याखाली शोधून सापडायचा नाही. गावागणिक त्याचा उच्चार थोडा बदलतो, पण काम तेच: सुरू झालेली, अजून न संपलेली क्रिया दाखवणं. म्हणून सीमाभागाची बोली नोंदवणाऱ्यांनी क्रियापदांच्या याद्यांवर थांबू नये. पान भिजवताना, कापताना, तंबाखू भरताना, तोंड मुडपताना, दोरा गुंडाळताना निपाणीच्या बायका एकमेकींशी जी वाक्यं बोलतात, ती जशीच्या तशी उतरवून घ्यायला हवीत.