दुखणं गर्भाशयाचंच आहे का?

"मुलं झाली, आता पिशवी ठेवून काय करायचं?" डिचोली, पेडणे, फोंड्याकडच्या घरांत हे वाक्य सासू म्हणते, नणंद म्हणते, शेजारीणही म्हणते. वर्षानुवर्षं ओटीपोटातलं दुखणं सोसलेल्या बाईला त्यात सुटका दिसते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. पाळीचे दिवस आले की कामावर जाता येत नाही, रात्री कूस बदलवत नाही, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते. अशा वेळी एका ऑपरेशनात सगळं संपेल असं कोणी म्हटलं, तर ती हो म्हणणारच. माझा आग्रह एवढाच, की तो होकार देण्याआधी तिला एका प्रश्नाचं नीट उत्तर मिळावं: हे दुखणं गर्भाशयातून येतंय का?

ओटीपोटातलं दुखणं सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलं, की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट म्हणतं. त्या एवढ्याशा जागेत गर्भाशयाला मूत्राशय आणि आतडं चिकटून असतात, खालून स्नायूंचा पाळणा असतो आणि भोवती मज्जातंतूंचं जाळं. या सगळ्यांच्या वेदनेच्या वाटा मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात, त्यामुळे आतडं दुखलं तरी बाईला "पिशवी दुखते" असंच वाटू शकतं. आतड्याची संवेदनशीलता वाढलेली असते, म्हणजे डॉक्टर ज्याला आयबीएस म्हणतात ते. मूत्राशयाचा वेदनादायक विकार असतो. सततच्या ताणाने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतात. कधी सिझेरियनच्या टाक्याजवळ एखादी नस अडकलेली असते. यांतलं काहीही गर्भाशय काढून बरं होत नाही.

टाक्याजवळच्या नसेसाठी एक अगदी साधी तपासणी आहे, आणि ती फार कमी वेळा केली जाते. बाईला उताणी झोपवून डॉक्टर दुखऱ्या बिंदूवर बोट ठेवतात आणि डोकं-खांदे उचलायला सांगतात. पोटाचे स्नायू घट्ट झाल्यावर दुखणं वाढलं, तर संशय आतल्या अवयवांपेक्षा पोटाच्या भिंतीवर जातो. मग त्या जागी भूल देणारं इंजेक्शन देऊन पाहता येतं. याला सोनोग्राफी लागत नाही, फक्त डॉक्टरांची पाच मिनिटं लागतात.

ऑपरेशनने कितीजणींना बरं वाटतं? अमेरिकेत 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दीर्घकाळच्या ओटीपोटदुखीसाठी गर्भाशय काढलेल्या 308 स्त्रियांची वर्षभराने विचारपूस झाली. 74 टक्के स्त्रियांचं दुखणं पूर्ण थांबलं होतं, 21 टक्क्यांचं कमी झालं होतं, आणि 5 टक्क्यांचं होतं तसंच राहिलं किंवा वाढलं होतं. हे आकडे चांगलेच आहेत, ते लपवून कोणाचं भलं होणार नाही. पण दुखणं मागे राहिलेल्या कोण होत्या हेही त्याच अभ्यासात दिसतं: तिशीच्या आतल्या, आणि तपासणीत ज्यांच्या गर्भाशयात ठोस आजार सापडलाच नव्हता अशा. डेन्मार्कमधल्या 2007 सालच्या मोठ्या पाहणीत, वेगवेगळ्या कारणांनी गर्भाशय काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 32 टक्क्यांनी वर्षभरानंतरही दुखत असल्याचं सांगितलं. ऑपरेशनआधी ओटीपोट दुखत होतं, शरीरात इतर ठिकाणीही दुखत होतं, पूर्वी सिझेरियन झालं होतं, अशांमध्ये हे प्रमाण जास्त होतं.

असं का होतं, हे मज्जासंस्थेत शोधावं लागतं. वेदना वर्षानुवर्षं चालू राहिली की मज्जारज्जू आणि मेंदू तिच्याबाबत जास्त जागरूक होतात. एरवी जाणवणारही नाही असा स्पर्शसुद्धा दुखतो. भांडं उतरवलं तरी चूल बराच वेळ तापलेली राहते, तसा अवयव गेला तरी मज्जासंस्थेतली ही धग लगेच जात नाही. तिच्यासाठी औषधं वेगळी असतात. झोप सुधारावी लागते, फिजिओथेरपी लागते, कधी समुपदेशन लागतं.

समुपदेशन म्हटलं की बायका दुखावतात, कारण "तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे त्यांनी आधीच पुष्कळदा ऐकलेलं असतं. आपल्या गोव्यातलाच एक अभ्यास इथे सांगावासा वाटतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 2262 स्त्रियांना पाळीच्या दुखण्याबद्दल विचारलं होतं. सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचं दुखणं मध्यम ते तीव्र होतं. ज्यांना अतिरक्तस्राव होता, ओटीपोटात जंतुसंसर्ग होता, त्यांच्यात ते जास्त आढळलं. ज्यांनी हिंसा सोसली होती, त्यांच्यातही. शरीराची आणि आयुष्याची कारणं अशी शेजारी-शेजारी सापडतात. दुखणं दोन्ही बाजूंनी खरंच असतं, आणि तपास दोन्हीकडे व्हायला हवा.

हा तपास घरीच सुरू करता येतो. दोन-तीन पाळ्या होईपर्यंत भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करा: कोणत्या दिवशी दुखलं, लघवी तुंबल्यावर वाढलं का, शौचाला जाऊन आल्यावर कमी झालं का, शरीरसंबंधानंतर दुखलं का, झोप लागली का. पाळीबरोबर चढणारं आणि उतरणारं दुखणं गर्भाशयाकडे किंवा एंडोमेट्रिओसिसकडे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी त्याच्या बाहेर वाढण्याच्या आजाराकडे, बोट दाखवतं. बारा महिने, तीस दिवस एकसारखं राहणारं दुखणं दुसरीकडे पाहायला सांगतं. पुढे डॉक्टर काही महिने हार्मोनच्या गोळ्यांनी पाळी थांबवून पाहू शकतात. पाळी थांबूनही दुखणं तसूभर हललं नाही, तर गर्भाशय काढून ते थांबेल ही आशा कमी होते. हा पुरावा नव्हे, पण खूण चांगली आहे.

ज्या आजारात हे ऑपरेशन सर्वांत जास्त कामाला येतं तो अॅडेनोमायोसिस. यात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी त्याच्या स्नायूच्या भिंतीत शिरतात. गर्भाशय फुगतं, पाळीत खूप रक्त जातं, कळा असह्य होतात. चांगल्या सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये हा आजार बऱ्याचदा दिसतो. आधी कॉपर-टीसारखी गर्भाशयात बसवायची, पण हार्मोन सोडणारी साधनं किंवा गोळ्या वापरून पाहाव्यात, आणि त्यांनी भागलं नाही तर गर्भाशय काढणं हा समंजस निर्णय आहे. मोठ्या फायब्रॉइडच्या गाठींबाबतही तसंच. अशा बाईला "अजून सोस" म्हणून परत पाठवणं हाही तिच्यावर अन्यायच. वय मात्र हिशेबात धरावं. पाळी जायला आलेल्या सेहेचाळीस वर्षांच्या बाईला वर्ष-दोन वर्षं औषधांवर काढणं जमू शकतं, कारण पाळी गेल्यावर हे आजार बहुधा निवतात. बत्तीस वर्षांच्या बाईचं गणित वेगळं.

एंडोमेट्रिओसिसची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. इथे त्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर असतात: अंडाशयावर, आतड्यावर, गर्भाशयामागच्या पोटाच्या आतल्या पडद्यावर. त्या तिथेच ठेवून नुसतं गर्भाशय काढलं, तर दुखण्याचं मूळ आतच राहतं. मग अंडाशयही काढावेत का? 1995 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात 138 स्त्रिया होत्या. अंडाशयाचा काही भाग ठेवलेल्यांपैकी 62 टक्क्यांना पुन्हा दुखू लागलं, पूर्ण काढलेल्यांपैकी 10 टक्क्यांना. आकडा वाचून मोह होतो. पण अंडाशय तरुणपणी काढले की पाळी एका दिवसात कायमची जाते, अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून तरुण वयात कुशल हातांनी त्या पेशी दुर्बिणीतून काढून अंडाशय वाचवण्याकडे आता जास्त कल आहे. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही करताना "अंडाशय काढणार की ठेवणार, आणि का" हे विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

कॅन्सरची भीती घालून घाईने नेलेल्या बायका मला अस्वस्थ करतात. पाळी गेल्यानंतर रक्त गेलं, तर तपासणी तातडीने हवीच. पण नुसतं अंगावरून पांढरं जाणं किंवा कंबर भरून येणं हे गर्भाशय काढण्याचं कारण होऊ शकत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या बायकांची गर्भाशयं किती सहज काढली गेली, हे 2019 मध्ये साऱ्या देशाने पाहिलं. अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या अमलात आणा असं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं. चाळिशीच्या आतल्या बाईला हे ऑपरेशन सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तिचा हक्क आहे. पहिल्या डॉक्टरांचा त्यात अपमान नाही. सगळे रिपोर्ट घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, स्त्रीरोग विभागात दाखवता येतं. एका दिवसाची खेप होते, रांगेत बसावं लागतं, तरी जावं.

आणि विचारांती ऑपरेशन ठरलंच, तर निर्धास्तपणे करावं. मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके असतात, ते आधी समजून घ्यावेत. सुमारे सहा आठवडे घागर, गॅसचा सिलिंडर, बाजाराची जड पिशवी उचलू नये, आणि हे घरातल्या पुरुषांनाही आधीच सांगून ठेवावं. काढलेलं गर्भाशय तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातं. तो बायोप्सी रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे कधी पुन्हा दुखलं, तर नव्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तोच लागेल.