बेअर्डच्या यंत्रणेला उजेड का पुरला नाही?

बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली, तेव्हा तिथे दोन प्रतिस्पर्धी यंत्रणा होत्या. स्कॉटिश संशोधक जॉन लोगी बेअर्ड यांच्या कंपनीची यंत्रणा चित्र २४० रेषांत फोडून दाखवणारी, तर मार्कोनी-ईएमआय या कंपनीची ४०५ रेषांत. दोघींनी आळीपाळीने कार्यक्रम दाखवायचे ठरले होते. फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्ड यांची यंत्रणा बाद झाली. रेषा कमी म्हणून ती हरली, हे उत्तर मला अपुरे वाटते. मूळ अडचण उजेडाची होती.

अख्खे चित्र एका दमात पाठवता येत नाही. ते बिंदूबिंदूंत फोडून एकामागून एक पाठवावे लागते. पॉल निपकोव्ह या जर्मन विद्यार्थ्याने १८८४ मध्ये त्यासाठी सर्पिल रांगेत भोके असलेली तबकडी सुचवली. ती फिरली की प्रत्येक भोक चित्राची एक रेषा टिपते आणि मागचा प्रकाशविद्युत घट त्या उजेडाची वीज करतो. याच तत्त्वावर बेअर्ड यांनी २६ जानेवारी १९२६ रोजी, लंडनच्या फ्रिथ स्ट्रीटवर, रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांना माणसाचा हलता चेहरा दाखवला. रेषा अवघ्या ३०, चित्र अंधूक. पण चेहऱ्यावरचे भाव कळत होते. केवढी मोठी गोष्ट!

मात्र या पद्धतीत घटावर एका वेळी एकाच बिंदूचा उजेड पडतो, बाकीचा वाया जातो. ३० रेषांच्या चित्रात सुमारे दोन हजार बिंदू, म्हणजे दोन हजारांतला एकच भाग हाती लागतो. रेषा वाढवाव्यात, तर तोही आटतो. म्हणून सुरुवातीला प्रखर दिव्यांसमोर माणसाऐवजी ‘स्टुकी बिल’ नावाच्या बाहुल्याचे डोके ठेवले जाई. अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये तर बेअर्ड यांच्या कंपनीने प्रसंग फिल्मवर टिपून, ती सुमारे मिनिटभरात धुऊन, मग तिचे प्रक्षेपण करण्याचा द्राविडी प्राणायाम केला. तो कॅमेरा जागचा हलत नसे.

नुसते इलेक्ट्रॉनिक होऊनही भागत नव्हते. फिलो फार्न्सवर्थ यांनी १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फिरती तबकडी नसलेल्या कॅमेरा-नळीतून चित्र पाठवले. पण तिच्यातही उजेड साठत नसल्याने झगझगीत दिवे लागतच.

ईएमआयच्या ‘एमिट्रॉन’ या कॅमेरा-नळीने हे कोडे सोडवले. अमेरिकेतले संशोधक व्लादिमीर झ्वोरिकिन यांच्या ‘आयकॉनोस्कोप’ या कॅमेरा-नळीशी तिचे जवळचे नाते. तिच्यात अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर चांदीचे असंख्य प्रकाशसंवेदी कण असत. पावसात मांडून ठेवलेल्या वाट्यांसारखा प्रत्येक कण आपल्या वाट्याच्या उजेडाचा विद्युतभार सतत साठवत राही. इलेक्ट्रॉनचा झोत फिरत आला की तो भार मोकळा होऊन संकेत मिळे. साठा पूर्णपणे हाती येत नसे, तरी फरक प्रचंड होता.

१२ मे १९३७ रोजी सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मिरवणूक हाइड पार्क कॉर्नरवरून थेट दाखवली गेली. दिवस मळभाचा होता, रस्त्यावर स्टुडिओचे दिवे नव्हते. एमिट्रॉनला तेवढा उजेड पुरला. ब्रिटनमधले ४०५ रेषांचे प्रक्षेपण, युद्धकाळातला खंड वगळता, १९८५ पर्यंत चालले.