लाइट फुल केला की मायक्रोस्कोपमध्ये जास्त बारीक दिसतं?

‘डिजिटल मायक्रोस्कोपचा लाइट जितका वाढवाल, तितकं बारीक दिसेल’ हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. अंधारात दिसत नाही, उजेडात दिसतं, हा रोजचाच अनुभव. त्यामुळे तो पटतोही. पण बारकावे किती दिसणार हे मुख्यतः लेन्स, फोकस आणि सेन्सर ठरवतात. उजेड पुरेसा झाला की त्यापुढचा वाढीव उजेड बहुतेकदा अडचणच करतो.

साध्या यूएसबी मायक्रोस्कोपमध्ये एलईडी लेन्सभोवती गोलात बसवलेले असतात. चकचकीत वस्तूवरून त्यांचा प्रकाश थेट लेन्समध्ये परततो. सेन्सरच्या ज्या भागाला तो झेपत नाही, तिथे नुसता पांढरा डाग उरतो. तिथला तपशील टिपलाच गेलेला नसतो, म्हणून नंतर फोटोचा ब्राइटनेस कमी करूनही तो परत येत नाही.

पडताळायला नागपुरात सामान शोधावं लागत नाही. संत्र्याची ताजी साल घ्या. लाइट फुल ठेवून बघा: तेलाच्या ग्रंथींवर एलईडीचे पांढरे ठिपके चमकतील. आता वायरवरचं चाक फिरवून लाइट बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. तोच तुकडा, तोच झूम. पण सालीवरचे खळगे सावलीसकट उठून दिसतात. टॉर्चपुढे बटर पेपर धरलात तर चकाकी आणखी मरते.

लाइट अगदीच मंद करू नका मात्र, चित्रात दाणे येतात. आणि कीटकाच्या पंखासारख्या पारदर्शक वस्तूला प्रकाश खालूनच द्यावा.