होम थिएटर पीसी
होम थिएटर पीसी : चित्रपट, नाटके, गाणी, घरचे व्हिडिओ आणि फोटो यांसाठी टीव्हीला कायमचा जोडून ठेवलेला संगणक. टेबलावरचा संगणक हातभर अंतरावरून वापरतात. हा सोफ्यावर बसून, रिमोटने चालवायचा. त्यामुळे पडद्यावरची अक्षरे मोठी हवीत आणि डब्यातला पंखा ऐकू येता कामा नये.

या प्रकाराची पायाभरणी २००२ साली झाली. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती आणली, लिनक्सवर टीव्ही कार्यक्रम उतरवून घेणारे मिथटीव्ही सुरू झाले, एक्सबॉक्स या खेळयंत्रावर हौशी मंडळींनी मीडिया प्लेअर चालवला आणि डिसेंबरमध्ये चित्र व आवाज एकाच केबलने नेणारे एचडीएमआय मानक ठरले. यांतला हौशी प्लेअर सर्वांत टिकाऊ निघाला. तो पुढे एक्सबीएमसी म्हणून साध्या संगणकांवर आला आणि २०१४ मध्ये ‘कोडी’ झाला. मायक्रोसॉफ्टने मात्र २०१५ च्या विंडोज १० मधून मीडिया सेंटर काढून टाकले.

सुरुवातीच्या काळात ट्यूनर कार्ड, म्हणजे टीव्हीच्या वाहिन्या संगणकात घेणारे कार्ड, हा या संगणकाचा प्राण होता. केबलवाल्याची वायर थेट कार्डात खोचायची आणि मालिका हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची. १ नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत केबल डिजिटल झाली, वाहिन्या सेट-टॉप बॉक्समधूनच उलगडू लागल्या आणि तिथे या कार्डाचे काम संपले. आज स्ट्रीमिंगसाठी टीव्हीतले अ‍ॅप पुरते. होम थिएटर पीसीची खरी गरज आहे ती स्वतःच्या संग्रहासाठी, आणि त्यासाठी त्याला अजूनही तोड नाही.

यंत्र निवडताना व्हिडिओचा प्रकार, म्हणजे तो कोणत्या पद्धतीने दाबून लहान केला आहे, ते पाहावे. एच.२६४ (२००३) जुना संगणकही सहज उलगडतो. एचईव्हीसी (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) यांसाठी प्रोसेसरमध्येच खास सोय लागते, नाहीतर फोर-के चित्र अडखळते. इंटेलमध्ये दहा बिटी एचईव्हीसीची सोय सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ची अकराव्या पिढीपासून आहे. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाला एचडीएमआय-सीईसी कळते, म्हणजे तो टीव्हीच्याच रिमोटने चालतो. बहुतेक ग्राफिक्स कार्डांना ते जमत नाही. त्यांच्यासाठी वेगळा रिमोट किंवा छोटा बिनतारी कीबोर्ड घ्यावा.

जोडल्यावर पहिली तक्रार येते ती कडा कापल्या गेल्याची. जुन्या काचेच्या टीव्हीसाठी चित्र थोडे फुगवून दाखवत. ती सवय नव्या टीव्हींतही उरली आहे. टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय असतो, तो निवडावा. दुसरी तक्रार संवाद ऐकू न येण्याची. ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरकडे जातात. घरात दोनच स्पीकर असताना संगणकाला ५.१ सांगितले, तर पार्श्वसंगीत दणदणते आणि माणसे मुकी होतात. अशा वेळी ‘स्टिरिओ’, म्हणजे दोन स्पीकरचा पर्याय, ठेवावा.

मराठी घरांत या संगणकाचे सर्वांत मोलाचे काम व्हीसीडींशी, म्हणजे व्हिडिओच्या सीडींशी, निगडित आहे. गाजलेल्या नाटकांची चित्रणे दोन-दोन, तीन-तीन व्हीसीडींच्या संचांत विकली गेली. एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटेच मावत. तबकड्यांवर ओरखडे पडतात, आणि नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो. यूएसबीचा ड्राइव्ह लावून ‘एमपेगएव्ही’ (MPEGAV) या फोल्डरमधली .डॅट (.DAT) फाइल विंडोजमध्ये सरळ कॉपी करता येते, आणि व्हीएलसी हा मोफत प्लेअर ती चालवतो. हे काम उद्यावर टाकू नये.

व्हीसीडीच्या चित्राचा आकार ३५२ × २८८ ठिपके. फोर-के पडद्यावर एका ठिपक्याचे सुमारे ६१ होतात, म्हणून धूसरपणा अटळ आहे. चित्र रुंदीत ताणून पडदा भरण्याचा मोह मात्र टाळावा. नट बुटके दिसतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) असतात. पडदा ६० हर्ट्झवर असेल, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने दाखवत असेल, तर काही चौकटी दोनदा आणि काही तीनदा दिसतात. कॅमेरा रंगमंचावरून आडवा फिरला की चित्र हिसके देते. पडदा ५० हर्ट्झवर नेला की प्रत्येक चौकट नेमकी दोनदा येते आणि हालचाल गुळगुळीत होते. कोडीत व्हिडिओप्रमाणे हर्ट्झ बदलण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. डीव्हीडीवरच्या नाटकांत हात हलला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात. तिथे प्लेअरमधले ‘डीइंटरलेस’ चालू करावे.

कोडी चित्रपटांची माहिती व पोस्टर इंटरनेटवरून आणते. मराठी नाटके त्या सूचींत बहुधा सापडत नाहीत. अशा वेळी व्हिडिओशेजारी त्याच नावाची .एनएफओ (.nfo) ही माहितीची फाइल ठेवून नाटकाचे नाव, लेखक आणि कलावंत देवनागरीत लिहिता येतात. फाइल यूटीएफ-८ या, देवनागरी नीट साठवणाऱ्या अक्षरसंकेतात जतन करावी. व्हीसीडीच्या वेष्टनाचा स्कॅन ‘पोस्टर’ (poster) नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवला, तर नाटक यादीत स्वतःच्या चित्रासह दिसते.