सेफ्टीची फाइल आणि अपघाताची फाइल एकत्र का हवी?
प्रेसशॉप आणि फॅब्रिकेशन युनिटच्या मालकांसाठी माहितीपत्रक

आम्ही भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांची सेफ्टीची आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कामे पाहतो. बहुतेक ठिकाणी ही दोन कामे दोन माणसांकडे असतात. मशीनचे गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेले आवरण), गॉगल, हातमोजे सुपरवायझर बघतो. अपघाताचा फॉर्म बाहेरचा सल्लागार भरतो, तोही फोनवर विचारून. त्याने तुमची प्रेस कधी पाहिलेलीच नसते. मग कारणाच्या रकान्यात "काम करताना बोटाला लागले" एवढेच येते, आणि पुढच्या महिन्यात त्याच प्रेसवर दुसऱ्याला लागते.

आमचे पहिले काम असते प्रथमोपचार पेटी उघडण्याचे. एका ग्राहकाकडे पेटीतल्या पट्ट्या भराभर संपायच्या. कोणाला, कुठल्या मशीनवर लागले हे आम्ही पेटीशेजारच्या वहीत लिहायला लावले. बहुतेक नोंदी एकाच प्रेसच्या निघाल्या. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून प्रेसला दोन बटणे असतात; जाऊन पाहिले तर त्यांपैकी एक रबर लावून कायमचे दाबून ठेवलेले! ऑपरेटर एका हाताने बटण दाबायचा आणि दुसऱ्या हाताने डायमध्ये (साच्यात) अडकलेला पीस काढायचा. धारेने बोटे कापत होती. पंजा अजून वाचला होता, इतकेच. त्याला दम देऊन काही झाले नसते, कारण पीस अडकणे हा डायचा दोष होता. डाय दुरुस्त झाली, काढायला चिमटा मिळाला आणि दोन्ही बटणे दर स्ट्रोकला सोडून पुन्हा दाबल्याशिवाय प्रेस चालणार नाही अशी वायरिंग केली. हे सगळे सुचले ते पट्ट्यांच्या वहीतून.

म्हणून आम्ही एकच रजिस्टर ठेवतो. पट्टी लावली, थोडक्यात वाचला, हॉस्पिटलला नेला, सगळे त्यातच. मशीन नंबर, शिफ्ट, गार्ड जागेवर होता का, आणि शेवटचा रकाना: काय बदलले, कोणी, कधी. तो रकाना कोरा असेल तर नोंद बंद होत नाही.

लागलेच तर पहिला तास

बोट तुटले असेल तर ते थेट बर्फात टाकू नका. ही चूक आम्ही वारंवार पाहतो. स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. जखम स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरा. कुठल्या हॉस्पिटलला न्यायचे, गाडी कोणाची आणि रात्रपाळीत चावी कोणाकडे, हे आधीच ठरवून भिंतीवर लावा. मराठी आणि हिंदी दोन्हींत लावा. प्रेसवर उभे असलेले बरेच कामगार बिहार-झारखंडचे असतात.

कागद

ईएसआयचा अपघात अहवाल, म्हणजे फॉर्म 12, 24 तासांच्या आत ऑनलाइन भरायचा. मृत्यू झाला असेल तर तत्काळ. कामगार 48 तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकला नाही तर कारखाना निरीक्षकालाही कळवावे लागते. फॉर्म भरायला आमचा माणूस मशीनपाशी उभा राहतो, फोनवर नाही.

तात्पुरत्या अपंगत्वात ईएसआय सरासरी रोजाच्या 90 टक्के देते. कायमचे नुकसान झाले तर कमाईची क्षमता किती टक्के गेली हे वैद्यकीय मंडळ ठरवते: पूर्ण तर्जनीला 14, अंगठ्याला 30. हे आकडे मालकांनी एकदा वाचावेत. त्यानंतर गार्डचा खर्च महाग वाटत नाही, असा आमचा अनुभव आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नव्या माणसाचा ईएसआय विमा क्रमांक कामाच्या पहिल्या दिवसाआधी काढा. अपघात झाल्यावर धावपळ करून क्रमांक काढण्याचे काम आम्ही घेत नाही.

परत कामावर

इथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. कोणी पट्टी असतानाच पॅकिंगला बसवतो. पण पगार घेऊन काम केलेल्या दिवसाचा ईएसआय लाभ मिळत नाही आणि नंतर वसुलीचा ताप होतो. कोणी माणसाला विसरूनच जातो, आणि तो गावी निघून जातो. लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

आम्ही दर आठवड्याला एक फोन लावतो: जखम कशी आहे, दवाखान्याची तारीख कधी. डॉक्टरांचा फिटनेस दाखला आला की आधी गेज तपासणी किंवा स्टोअर, मग मशीन. त्या प्रेसवर पुन्हा उभे करण्याआधी रजिस्टरचा शेवटचा रकाना त्यालाच वाचून दाखवतो. बदल झालेला नसेल तर ते पहिल्यांदा तोच सांगतो.

पहिल्या भेटीसाठी एवढे काढून ठेवा: गेल्या 12 महिन्यांचे अपघात अहवाल, प्रथमोपचार पेटीच्या खरेदीची बिले, प्रेसची यादी टनेजसह (प्रत्येकीची दाबाची क्षमता), आणि कंत्राटी कामगारांचे विमा क्रमांक. बिले नक्की शोधा. बाकीच्या कागदांपेक्षा आम्ही तीच आधी मागतो.